रिपोर्टमधल्या 'दाट लिम्फोसाइट्स'ने झोप उडालीये, काय करू?

पत्र

डॉक्टर, माझं वय ४८. जिभेच्या डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, दुखत नाही, खुपत नाही, दात साफ करायला गेले होते तेव्हा डेंटिस्टनीच बघितला. बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ल्युकोप्लाकिया, मध्यम डिस्प्लेझिया असं लिहिलंय आणि त्याच्या खाली 'अस्तराखाली दाट लिम्फोसाइट्स' अशी एक ओळ आहे. मला तंबाखू, सिगरेट, सुपारी, दारू कशाचंच व्यसन नाही. धाकट्या दिरांनी नेटवर वाचून सांगितलं की इम्युन पेशी वाढल्या म्हणजे सूज आणि सूज म्हणजे पुढे कॅन्सर. नणंद म्हणते बरोब्बर उलटं, पेशी आल्यात म्हणजे शरीर लढतंय, तू इम्युनिटीच्या गोळ्या घे, चट्टा आपोआप जाईल. सर्जन म्हणतायत काढून टाकू. मी थोडं थांबून बघू का? आणि पीडी-एल१ नावाची काहीतरी टेस्ट असते ती करून घेऊ का?

उत्तर

ताई, आधी उत्तरं देऊन टाकते, कारणं मागून. थांबू नका, सर्जन म्हणतायत तसा चट्टा काढून घ्या. गोळ्या नकोत. ती टेस्ट सध्या नको. आणि तुमचे दीर आणि नणंद दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, म्हणून तर तुमचं डोकं फिरलंय. एक जण पूर्ण चुकीचा असता तर सोपं झालं असतं.

मी रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून हेच रिपोर्ट लिहिणारी बाई आहे, त्यामुळे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगते. ती लिम्फोसाइट्सची, म्हणजे एका प्रकारच्या इम्युन पेशींची, ओळ आम्ही वर्णन म्हणून लिहितो, निदान म्हणून नाही. काचेवर जे दिसलं ते नोंदवायचं असतं म्हणून नोंदवलं. तुमच्या रिपोर्टमधली कामाची ओळ त्याच्या वरची आहे, 'मध्यम डिस्प्लेझिया', आणि तुम्ही पत्रात तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीये.

तर आधी ती ओळ. तोंडाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थरावर थर असतात, नव्या पेशी तळाला तयार होतात आणि वर सरकत जातात. डिस्प्लेझिया म्हणजे या पेशी बिघडल्यासारख्या दिसायला लागतात, आकार वेडावाकडा, केंद्रक मोठं आणि गडद, थरांची शिस्त गेलेली. हा बिघाड तळाच्या एक तृतीयांशात असेल तर सौम्य, मधल्या भागापर्यंत चढला तर मध्यम, त्याच्याही वर गेला तर तीव्र, असा ढोबळ हिशोब. कॅन्सर म्हणजे त्या पेशी तळाची मर्यादा फोडून खाली शिरल्या. तुमच्या बायोप्सीत त्या खाली शिरलेल्या नाहीत, हे आधी नीट वाचा, दोनदा वाचा. पण बिघाड आहे आणि तो सौम्य नाहीये, हेही तितकंच खरं.

आता आकडे, कारण तुम्ही ते शोधणारच आहात, तर माझ्याकडूनच ऐका. २०२० मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून केलेला एक मोठा हिशोब आहे, त्यात ल्युकोप्लाकियाच्या, म्हणजे तुमच्यासारख्या पांढऱ्या चट्ट्याच्या, साधारण साडेनऊ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. लाल चट्टा असतो, एरिथ्रोप्लाकिया, त्यात साधारण तेहतीस टक्के. तोंडभर पसरत जाणारा, चामखिळीसारखा खडबडीत ल्युकोप्लाकिया असतो त्यात जवळपास निम्म्यांना. सुपारीमुळे तोंड आखडत जातं त्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये पाचेक टक्के, आणि लायकेन प्लेनसमध्ये, म्हणजे इम्युन पेशीच तोंडाच्या अस्तरावर उलटतात त्या आजारात, दीड टक्क्याच्याही आत. मध्यम किंवा तीव्र डिस्प्लेझिया असेल तर धोका सौम्यपेक्षा दुपटीहून जास्त निघाला. हे सगळे आकडे अनेक वर्षांच्या फॉलोअपचे आहेत, उद्या सकाळचे नाहीत, आणि ल्युकोप्लाकिया असलेल्या बहुतेक लोकांना कॅन्सर कधीच होत नाही हेही त्याच आकड्यात लिहिलेलं आहे.

व्यसन नाही मग मलाच का, असं तुम्ही थेट विचारलं नाहीये पण पत्रभर तेच ऐकू येतंय. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण ज्यांना कधीच तंबाखूचं व्यसन नव्हतं त्यांच्यातला ल्युकोप्लाकिया कमी दिसतो आणि दिसला तर तो जास्त गांभीर्याने घ्यायचा असतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. तंबाखूवाल्याचा चट्टा बरेचदा घासण्या-जळण्याला दिलेलं उत्तर असतो, तंबाखू सुटली की अनेकांचा फिका पडतो किंवा जातो. तुमच्या चट्ट्याला असं सोडवण्यासारखं काही बाहेरचं कारणच नाही, म्हणजे बिघाड पेशीच्या आतून आलेला असण्याची शक्यता जास्त. त्यात बायकांमध्ये आणि जिभेच्या कडेला किंवा जिभेखाली असलेल्या चट्ट्यात धोका थोडा वरच्या बाजूला असतो. म्हणून मी पहिल्याच ओळीत थांबू नका म्हटलं. घाबरवायला नाही, पण 'मला तर व्यसन नाही म्हणजे माझा साधाच असेल' हा जो दिलासा लोक देतात ना, तो चुकीच्या दिशेचा दिलासा आहे.

आता तुमची ती लिम्फोसाइट्सची ओळ.

एखाद्या घरासमोर गर्दी दिसली तर लांबून सांगता येत नाही की आत लग्न आहे, भांडण आहे की कोणी गेलंय, गर्दी मोजून तर अजिबातच नाही. रिपोर्टमधलं 'दाट' हे तसंच मोजलेलं आहे. आम्ही जो नेहमीचा गुलाबी-जांभळा रंग देऊन स्लाईड बघतो त्यात सगळे लिम्फोसाइट्स एकसारखे दिसतात, छोटे गोल निळे ठिपके. बिघडलेल्या पेशीला ओळखून मारणारा सीडी८ टी सेल आणि त्यालाच 'शांत बस' म्हणून गप्प करणारा रेग्युलेटरी टी सेल, शेजारी शेजारी ठेवले तरी या रंगात माझ्यासारखीला काय, कोणालाच वेगळे ओळखता येणार नाहीत. त्यासाठी वेगळ्या अँटिबॉडी लावून वेगळं स्टेनिंग करावं लागतं आणि ते रोजच्या कामात कोणी करत नाही.

आणि हे दोघंच नाहीत. मॅक्रोफेज असतात, ते परिस्थितीप्रमाणे वागणं बदलतात, कधी बिघडलेल्या पेशी गिळतात तर कधी जखम भरायच्या मोडमध्ये जाऊन नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे पदार्थ सोडतात, जे कॅन्सरच्या गाठीला हवंच असतं. डेंड्रिटिक पेशी असतात ज्या बिघडलेल्या पेशीचे तुकडे उचलून टी सेलना दाखवतात. नॅचरल किलर पेशी असतात. शिवाय कोण आहे इतकंच नाही, कुठे आहे हेही बघावं लागतं, म्हणजे खालच्या थरात नुसते जमलेत की वर अस्तरात शिरून बिघडलेल्या पेशींना जाऊन भिडलेत. तुमच्या रिपोर्टमध्ये 'अस्तराखाली' लिहिलंय, यातून एवढंच कळतं की ते आलेत.

दिरांचं अर्धं बरोबर म्हटलं ते यासाठी. सूज आणि कॅन्सरचं नातं जुनं आहे, रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी दिसतात म्हणून ते मांडलं होतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या सुजेत जे पदार्थ सुटत राहतात त्यांनी पेशींचा डीएनए खराब होऊ शकतो, पेशी भराभर विभागायला लागतात, तोंडच नाही तर पोट, आतडं, लिव्हर सगळीकडे हे दिसलंय. नणंदेचंही अर्धं बरोबर. अवयव बदललेल्या पेशंटना आयुष्यभर इम्युनिटी दाबायची औषधं घ्यावी लागतात आणि त्यांच्यात ओठाचा कॅन्सर इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त दिसतो, म्हणजे शरीर एरवी काहीतरी साफ करत असतं जे त्यांच्यात नीट होत नाही. ल्युकोप्लाकियाचे मेणात जपलेले जुने बायोप्सीचे तुकडे काढून काही गटांनी टी सेल मोजले तर ज्यांना पुढे कॅन्सर झाला नाही त्यांच्या चट्ट्यात टी सेल जास्त होते, असंही सापडलंय. पण हे अभ्यास छोटे आहेत, मोजायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, किती म्हणजे जास्त याची रेघ प्रत्येकाने आपापली ओढलेली. त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

मला विचाराल तर दोघांचाही वाद एका आजाराने मिटतो, तो म्हणजे लायकेन प्लेनस. त्यात अस्तराखाली टी सेलचा अक्षरशः पट्टाच्या पट्टा असतो, इतके टी सेल तोंडाच्या दुसऱ्या फार कमी आजारांत दिसतील, आणि ते तळाच्या पेशींवर हल्लाच करत असतात. इम्युन पेशी जास्त म्हणजे कॅन्सर, हे दिरांचं गणित खरं असतं तर हा आजार धोक्याच्या यादीत सगळ्यात वर हवा होता, पण तो वर दिलेल्या आकड्यांत सगळ्यात खाली आहे. आणि पेशी जास्त म्हणजे सेफ, हे नणंदेचं गणित खरं असतं तर त्यात धोका शून्य हवा होता, तोही नाहीये, म्हणून लायकेन प्लेनसवाल्यांनाही आम्ही नियमित तपासणीला बोलावतो.

मग नेमकं होतं काय? आत्ता बहुतेक जण मानतात ते असं. सुरुवातीला इम्युन पेशी बिघडलेल्या पेशी ओळखून मारतात. काही उरतात, मग बराच काळ ना हे जिंकत ना ते, चट्टा आहे तसा राहतो, याला वर्षं लागू शकतात. आणि या मारामारीत ज्या बिघडलेल्या पेशी टिकतात त्या नेमक्या लपायला शिकलेल्या असतात. त्यांच्यातल्या काही आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आणतात, ते टी सेलवरच्या पीडी-१ ला चिकटलं की टी सेल थंड पडतो, समोर असूनही मारत नाही. काही आजूबाजूला रेग्युलेटरी टी सेल जमवतात. म्हणजे पेशी तेवढ्याच दाट दिसतील पण त्यांचं काम बदललेलं असेल. हे पीडी-१चं प्रकरण उलगडल्याबद्दल तासुकू होंजो यांना, टी सेलना थांबवणाऱ्या अशाच दुसऱ्या एका स्विचवर काम केलेल्या जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर, २०१८ चं नोबेल मिळालं, आणि रेग्युलेटरी टी सेलच्या शोधासाठी २०२५ चं नोबेल साकागुची, ब्रंको आणि रॅम्सडेल यांना. हे सांगायचं कारण एवढंच की तुमच्या दिरांनी अर्ध्या तासात नेटवर जे निकालात काढलं त्यावर लोकांची आयुष्यं गेलीत.

आता टेस्टचं. पीडी-एल१ टेस्ट खरी आहे, फालतू नाही, पण ती वापरतात मुख्यतः पसरलेल्या किंवा परत आलेल्या कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी, म्हणजे थंड पडलेल्या टी सेलना परत कामाला लावणारी औषधं, द्यायची का हे ठरवायला. पांढऱ्या चट्ट्यात ती करून तुमच्या उपचारात काय बदलेल? काहीच नाही. पॉझिटिव्ह आली तरी चट्टा काढायचाच, निगेटिव्ह आली तरी काढायचाच. ज्या टेस्टच्या दोन्ही उत्तरांनी पुढचं पाऊल तेच राहतं ती टेस्ट नुसता जीव टांगणीला लावते.

चट्ट्याच्या स्टेजलाच इम्युनोथेरपी दिली तर, असाही प्रयोग झालाय. निवोलुमॅब हे पीडी-१ अडवणारं औषध, जास्त धोक्याच्या ल्युकोप्लाकियाच्या ३३ पेशंटना दिलं, २०२४ मध्ये रिझल्ट आले. साधारण एक तृतीयांश लोकांचे चट्टे चांगले कमी झाले, हे खरंच आशादायक. पण त्याच गटातल्या जवळपास एक चतुर्थांश लोकांना तरीही कॅन्सर झाला, आणि तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता. शिवाय या औषधाचे साईड इफेक्ट म्हणजे इम्युन पेशी आपल्याच थायरॉइडवर, आतड्यावर, फुप्फुसावर उलटू शकतात. प्रयोगाबाहेर कोणी हे चट्ट्यासाठी देत असेल तर तिथून निघून या.

इम्युनिटीच्या गोळ्यांवर मी जरा चिडूनच लिहिणार आहे. कुठली इम्युनिटी वाढवणार? सीडी८ वाढवणार की त्यांना गप्प करणारे रेग्युलेटरी सेल? बाटलीवर ते लिहिलेलं नसतं कारण बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि 'नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना' हेही खरं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल झाली होती, बीटा कॅरोटिन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला. गाजरातलं जीवनसत्त्व म्हणून ज्याच्यावर कोणी शंकाही घेतली नसती ते. तुम्ही सिगरेट ओढत नाही, त्यामुळे तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही, पण गोळी निरुपद्रवीच असणार हे गृहीत धरायचं नाही एवढं यातून घ्या.

आणि समजा एखाद्या गोळीने चट्टा खरंच फिका पडला तरी? १९८६ मध्ये आयसोट्रेटिनोइन देऊन बघितलं होतं, हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध, २४ पैकी १६ जणांचे चट्टे चांगले कमी झाले, सगळे खूश, औषध बंद केल्यावर दोन-तीन महिन्यांत त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांचे परत आले. चट्टा दिसेनासा होणं आणि कॅन्सरचा धोका जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नणंदेला दुखवू नका, तिने मायेने सांगितलंय, बाटली घ्या आणि कपाटात ठेवून द्या. आणि आधीच काही सुरू केलं असेल तर सर्जनना ऑपरेशनच्या आधी सांगा, अशा गोळ्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

ऑपरेशनबद्दलही खरं तेच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. चट्टा ब्लेडने किंवा लेझरने काढल्याने धोका कमी होतो असं मानायला बऱ्यापैकी आधार आहे, पण शून्य होत नाही, चट्टा परत येऊ शकतो. तोंडाच्या अस्तराचा मोठा भाग एकदमच बदललेला असू शकतो, वरून नॉर्मल दिसणारा भागसुद्धा, ही गोष्ट १९५३ पासून माहीत आहे. मग काढायचा कशाला? कारण बायोप्सीत चट्ट्याचा एक तुकडाच तपासलेला असतो. अख्खा चट्टा काढून तपासला की कधीकधी त्यात आधीच्या रिपोर्टपेक्षा जास्त बिघाड, क्वचित सुरुवातीचा कॅन्सरही सापडतो, आणि तेव्हा सापडलेला कॅन्सर छोट्या ऑपरेशनमध्ये बरा होण्यासारखा असतो. माझ्या मते हे एकच कारण पुरेसं आहे.

ऑपरेशनआधी दोन साध्या गोष्टी विचारून घ्या. चट्ट्यासमोरचा दात टोकदार आहे का किंवा जुनी फिलिंग घासतेय का, असेल तर ती गुळगुळीत करून घ्यायची, कारण सततच्या घासण्यानेही लिम्फोसाइट्स जमतात. आणि बायोप्सीत बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, बघितली होती का? बुरशी असली की सूजही वाढते आणि पेशी आहेत त्यापेक्षा जास्त बिघडलेल्या दिसू शकतात. तिला औषध आहे. पण याच्या नावाखाली महिनोनमहिने घालवू नका, हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

सांधेदुखीसाठी, दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड किंवा इम्युनिटी दाबणारं काही चालू असेल तर ते पत्रात लिहिलेलं नाहीये, सर्जनना मात्र सांगा. स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिलंय त्यांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलू द्या.

नंतर काही वर्षं तरी तपासणीला जात राहायचं, मध्यम डिस्प्लेझियात सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे ते ठरवतील तसं. फक्त जुनी जागा नाही, संपूर्ण तोंड बघायचं. मधल्या काळात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढऱ्याच्या मध्ये लाल भाग, हाताला कडक लागणं, गिळताना त्रास, मानेत गाठ, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता जा. आणि रोज आरशात बघत बसू नका, महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघितल्या तरी पुरे. फोटो काढून ठेवलात तर डॉक्टरांनाही तुलना करता येते.

मध्यम डिस्प्लेझिया हा ग्रेड असा आहे की दोन पॅथॉलॉजिस्टमध्ये त्यावर मतभेद होतात, आम्हीच एकमेकींशी भांडतो, त्यामुळे तोंडाच्याच स्लाईड बघणाऱ्या ओरल पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, सर्जनना राग यायचं कारण नाही. तेव्हा लॅबकडून नुसती स्लाईड आणू नका, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, म्हणजे नवे काप काढता येतील आणि बुरशीचा रंगही त्यावरच देऊन बघता येईल.